बाळाचा टोन कमी आहे, म्हणजे डॉक्टर नेमके काय तपासतात?

सहा महिन्यांचे बाळ मान नीट धरत नाही, काखेत हात घालून उचलले की हातांतून निसटू पाहते, तेल लावताना हातपाय सैल सोडून पडून राहते, अशी तक्रार घेऊन आई-वडील बालरोगतज्ज्ञांकडे जातात आणि परतताना फाईलवर ‘टोन कमी’ असा शेरा व फिजिओथेरपीची चिठ्ठी घेऊन येतात. शेरा बहुधा बरोबरच असतो. अडचण एवढीच, की बाळाला काय झाले आहे हे त्यातून कळत नाही. स्नायूंचा ताण कमी असणे हे एक लक्षण आहे आणि त्यामागे शेकडो कारणे असू शकतात. त्यांत जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा येते, डाऊन सिंड्रोम येतो, मज्जारज्जूतील पेशी मरत जाण्याचा आनुवंशिक आजार येतो आणि आईच्या आहारातील बी-१२ जीवनसत्त्वाची उणीवही येते. काही कारणे इंजेक्शनांनी किंवा रोजच्या एका गोळीने आटोक्यात येतात, काहींमध्ये एकेक आठवडा मोलाचा असतो, आणि काही बाळांना मुळात कोणताच आजार नसतो. यांपैकी कोणत्या वाटेने जायचे याचा बराचसा उलगडा महागड्या चाचण्यांच्या आधीच, तपासणीच्या टेबलावर, डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होतो. ही तपासणी कशी चालते ते पालकांना माहीत असले, तर आपल्या बाळाची तपासणी पुरी झाली की उरकली गेली, हे त्यांचे त्यांनाच ओळखता येते.

टोन म्हणजे स्नायू शांत असतानाही त्यात असणारा ताण. बाळ स्वतः काही करत नसताना त्याचा हात कोपरात हळूच वाकवून पुन्हा सरळ केला, तर आपल्या हाताला जो हलका विरोध जाणवतो, तो टोन. हा विरोध काही अंशी स्नायूच्या अंगच्या लवचीकतेतून येतो आणि काही अंशी एका प्रतिक्षिप्त क्रियेतून. स्नायूच्या आत ताणाची नोंद घेणारे सूक्ष्म तंतू असतात. स्नायू ओढला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात, तेथील चेतापेशी स्नायूला किंचित आकसण्याची आज्ञा पाठवतात, आणि हा व्यवहार किती जोरात चालू ठेवायचा हे मोठा व लहान मेंदू वरून ठरवत असतात. या साखळीत मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जातंतू आणि स्नायू यांचा जोड किंवा खुद्द स्नायू यांपैकी कुठेही बिघाड झाला, तरी घरच्यांना दिसते ते एकच: बाळ ढिले आहे.

येथे तीन गोष्टींची गल्लत हमखास होते आणि ती केवळ घरीच होते असे नाही. टोन वेगळा, ताकद वेगळी आणि सांध्यांचा सैलपणा वेगळा. ताकद म्हणजे बाळ स्वतःहून करते त्या हालचालीतला जोर. सांध्यांचा सैलपणा म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध जात्याच ढिले असणे, ज्यामुळे बोटे आणि कोपर प्रमाणाबाहेर मागे वळतात, पण स्नायू व मज्जासंस्था ठीक असू शकतात. डाऊन सिंड्रोम असलेले बाळ अंगाने खूप सैल असते, तरी आडवे ठेवल्यावर लाथा झाडते, हात उंच करून तोंडाशी नेते. त्याची ताकद बऱ्यापैकी असते. उलट मज्जारज्जूच्या आजारात बाळाला मांडी गादीवरून उचलताच येत नाही. दोघांच्या फाईलवर शेरा मात्र एकच पडतो.

म्हणूनच तपासणीतला कळीचा प्रश्न असा असतो, की बाळ अशक्त आहे आणि त्यामुळे ढिले आहे, की फक्त ढिले आहे आणि ताकद शाबूत आहे? दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात काम केलेले बालस्नायुरोगतज्ज्ञ व्हिक्टर डुबोविट्झ यांनी गेल्या शतकात हा प्रश्न अशा नेमकेपणाने मांडला आणि आजही ढिल्या बाळाचा विचार याच फाट्यावरून सुरू होतो. ताकद शाबूत असेल, तर बिघाड बहुतेक वेळा मेंदूकडचा किंवा गुणसूत्रांचा, चयापचयाचा, संप्रेरकांचा असतो. ताकदच गेली असेल, तर मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतच्या खालच्या टप्प्यावर संशय जातो. संख्येने पहिला गट बराच मोठा आहे. दुसरा लहान आहे, पण तेथे झालेला उशीर अधिक महागात पडतो.

तपासणीची सुरुवात हात लावण्याआधी, बोलण्यातून होते. गरोदरपणात बाळाची हालचाल कशी होती, हा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक. दुसरेपणाची आई याचे उत्तर फार चांगले देते, कारण तिच्याकडे तुलनेला पहिले मूल असते. ‘मोठा पोटात सारखा लाथा मारायचा, ही शांतच असायची’ हे वाक्य निदानाच्या दृष्टीने सोनोग्राफीच्या अहवालाइतके कामाचे ठरू शकते. गर्भजल जास्त होते का, हेही विचारतात. गर्भाला गिळण्याची ताकद नसेल तर ते साठते. जन्मताच बाळ रडले का, किती दिवस काचेच्या पेटीत होते, कावीळ किती वाढली होती, झटके आले का, याने मेंदूला इजा झाल्याची शक्यता जोखली जाते. दूध पिताना दम लागतो का, एका वेळच्या पाजण्याला किती वेळ जातो, खोकला येतो का, रडण्याचा आवाज क्षीण आहे का, हे प्रश्न चेहरा, घसा आणि श्वसनाच्या स्नायूंची माहिती देतात. घरात पूर्वी एखादे बाळ लहानपणी दगावले आहे का, हे विचारताना डॉक्टर थोडे चाचरतात, पण विचारायला हवेच. आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न लावण्याची रीत अनेक समाजांत आहे, त्यामुळे नात्यातल्या लग्नाचा प्रश्नही येतो. आई-वडील दोघांकडून एकच सदोष जनुक बाळाकडे येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. या प्रश्नाने कोणावर ठपका ठेवला जात नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तेव्हाच सांगितलेले बरे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र काळाचा आहे. बाळ जन्मापासून ढिले आहे, की आधी नीट होते आणि मग ढिले पडले? जमू लागलेली गोष्ट हातची गेली, म्हणजे बसणारे बाळ बसेनासे झाले, हसणारे बाळ हसेनासे झाले, तर त्याला उशीर म्हणत नाहीत. ती घसरण आहे आणि तिची तपासणी पुढच्या महिन्यावर टाकायची नसते.

मग बाळाचे कपडे काढून त्याला उबदार खोलीत उताणे ठेवले जाते आणि काही मिनिटे फक्त पाहिले जाते. घाईच्या दवाखान्यात हाच भाग गळतो, आणि माझ्या मते हाच सर्वांत जास्त सांगून जातो. पूर्ण दिवसांचे निरोगी नवजात बाळ हातपाय पोटाशी दुमडून असते. ढिले बाळ मांड्या बाहेर फाकून, गुडघे गादीला टेकवून आणि हात डोक्याच्या बाजूला सैल टाकून पडलेले असते. या ठेवणीला डॉक्टर बेडकाची ठेवण म्हणतात. त्याच वेळी पाहायचे असते, की बाळ पाय गादीवरून वर उचलते का, हात हवेत नेते का, की केवळ बोटे आणि पंजे हलतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेली एकही हालचाल न दिसणे ही अशक्तपणाची सर्वांत भरवशाची खूण आहे. छातीकडेही नजर असते. श्वास घेताना पोट वर येते पण छाती आत ओढली जाते, असे दिसले तर बरगड्यांमधले स्नायू थकलेले आहेत आणि एकटे श्वासपटल काम ओढत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

बाळ जागे पण शांत असावे लागते. रडणाऱ्या बाळाचा टोन वाढलेला भासतो, झोपाळू किंवा नुकत्याच दूध प्यालेल्या बाळाचा कमी भासतो. ताप असलेल्या किंवा झटक्यांची औषधे चालू असलेल्या बाळावर त्या दिवशी कायमचा शेरा मारू नये. डोकेही मध्यावर धरावे लागते, कारण लहान बाळाचे डोके एका बाजूला वळले की त्या बाजूचा हात सरळ होतो, दुसऱ्या बाजूचा दुमडतो आणि दोन्हींकडचा टोन असमान असल्याचा भास होतो.

यानंतर हाताळणी. बाळाचे दोन्ही हात धरून त्याला हळूहळू बसते केले जाते. पहिल्या काही आठवड्यांत डोके थोडे मागे राहतेच, पण तेव्हाही निरोगी बाळ मान ओढण्याचा प्रयत्न करते आणि कोपरे वाकवून डॉक्टरांच्या हातांना प्रतिसाद देते. चार-पाच महिन्यांपर्यंत डोके धडाबरोबर वर यायला हवे. सहाव्या महिन्यात ते पूर्ण मागे लोंबत असेल आणि कोपरेही सरळच राहत असतील, तर ती बाब गंभीरपणे घ्यायची. दुसऱ्या चाचणीत काखेखाली हात देऊन, छाती न आवळता, बाळाला उभे उचलतात. खांद्यांचे स्नायू सैल असले की दंड वर सरकतात आणि बाळ हातांतून खाली घसरू लागते. तिसऱ्या चाचणीत पोटाखाली तळवा देऊन बाळाला पालथे तोलून धरतात. निरोगी बाळ पाठ बऱ्यापैकी सपाट ठेवते, कोपरे-गुडघे किंचित दुमडते आणि मान उचलू पाहते. फार ढिले बाळ दोरीवर वाळत टाकलेल्या ओल्या टॉवेलासारखे दोन्हीकडून लोंबते. या चाचण्या घरी करून पाहण्याच्या नाहीत. ज्या बाळाची मान सांभाळली जात नाही, त्याला हौसेने ओढून बसवणे धोक्याचे असते.

हाताला काय जाणवले हे शब्दांत पकडणे कठीण असते आणि दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते. वाढलेला टोन नोंदवण्यासाठी श्रेणी आहेत. कमी टोनसाठी तितकी सर्वमान्य आकडेवारी नाही. म्हणून सांध्यांचे कोन मोजण्याचा आधार घेतला जातो. फ्रान्सच्या डॉ. क्लोदीन आमिएल-तिसाँ यांनी पहिल्या वर्षातील कोनांची जी पद्धत रूढ केली, ती आपल्याकडील नवजात शिशू विभागांच्या पाठपुरावा ओपीडीत सर्रास वापरतात. मांडी पोटाला लावून पाय गुडघ्यात जितका सरळ होईल तितका केला, की गुडघ्यामागे जो कोन होतो तो पहिल्या तीन महिन्यांत साधारण ८० ते १०० अंश असतो आणि वर्ष भरताना १५० ते १७० अंशांपर्यंत उघडतो. दोन्ही मांड्या फाकवल्यावर होणारा कोन याच काळात ४० ते ८० अंशांवरून १३० ते १५० अंशांपर्यंत जातो. म्हणजे गुडघ्यामागचा १५० अंशांचा कोन अकराव्या महिन्यात अगदी ठीक आहे आणि दुसऱ्या महिन्यात काळजीचा आहे. वय न लिहिता केवळ ‘टोन कमी’ लिहिलेल्या नोंदीला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेण्याची चाचणीही याच कुळातली. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचे कोपर छातीच्या मध्यरेषेपलीकडे सहसा जात नाही, ढिल्या बाळाचे सहज जाते.

हॅमरस्मिथच्याच परंपरेतून आलेली एक तपासणी २ ते २४ महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तिच्यात ठेवण, हालचाली, टोन, प्रतिक्षिप्त क्रिया आणि डोळे, चेहरा, गिळणे यांसारखी कार्ये मिळून २६ बाबी पाहतात आणि एकूण ७८ पैकी गुण देतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर बाळ पुढे गेले की जागेवरच राहिले, हे अशा गुणांमुळे कागदावर दिसते.

वय मोजताना अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. गर्भात टोन पायांकडून वर चढत येतो. २८ आठवड्यांचे बाळ हातपाय सरळ टाकून पडलेले असते, ३२ आठवड्यांच्या सुमारास पाय दुमडू लागतात, हात त्यानंतर दुमडतात. त्यामुळे सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ ढिले असते ते निसर्गनियमानेच. ते बाळ आज सहा महिन्यांचे असेल आणि दोन महिने आधी जन्मले असेल, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची. ही सूट साधारण दोन वर्षांपर्यंत देतात. वाढीच्या टप्प्यांचीही मर्यादा वाटते त्यापेक्षा रुंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये दिलेल्या मर्यादांनुसार आधाराशिवाय बसणे साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांत आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत येते. काही निरोगी मुले रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. शेजारच्या बाळाशी तुलना करून रात्र जागवणाऱ्या आईने हे आकडे पाहावेत, आणि ‘याचा बापही उशिराच चालला’ म्हणून अठरा महिन्यांनंतरही थांबायला सांगणाऱ्या आजीनेही पाहावेत.

आता छोटी हातोडी. गुडघ्याच्या वाटीखाली हलका ठोका दिल्यावर पाय उडतो का, यावरून साखळी कुठे तुटली आहे ते बरेचसे कळते. ढिलेपणा आहे, पण पाय जोरात उडतो, मुठी तीन-चार महिन्यांनंतरही घट्ट मिटलेल्या राहतात, उभे उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, बाळ नजर देत नाही, डोक्याचा घेर वयाच्या मानाने लहान आहे, असे चित्र दिसले तर बोट मेंदूकडे जाते. जन्मावेळी गुदमरलेल्या बाळात असे होते, की पहिले काही महिने ते ढिले असते, मग धड ढिलेच राहते आणि हातपाय ताठ होऊ लागतात. सहाव्या महिन्यात ‘टोन कमी’ आणि दीड वर्षात ‘टोन जास्त’ असे लिहिलेले पाहून पालक गोंधळतात, पण सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाली बिघडण्याच्या या अवस्थेत, दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात.

याच्या अगदी उलट चित्र स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीचे, म्हणजे एसएमएचे. सुरुवातीला सांगितलेला, मज्जारज्जूतील पेशी मरत जाण्याचा आनुवंशिक आजार तो हाच. बाळ चार महिन्यांचे आहे, डोळे टपोरे आणि सावध आहेत, आईच्या मागे नजर फिरते, तोंडभर हसते. पण पाय जवळजवळ निश्चल आहेत, हात थोडेच हलतात, छाती घंटेच्या आकाराची झाली आहे आणि गुडघ्यावर कितीही ठोके दिले तरी पाय उडत नाही. अशा बाळाची जीभ नीट पाहावी लागते. बाळ रडत असताना कोणाचीही जीभ थरथरते, म्हणून ते शांत असताना, तोंडात आरामात पडलेली जीभ बघायची. तिच्या कडांवर पृष्ठभागाखाली किडे वळवळल्यासारखी बारीक हालचाल दिसली, तर निदान जवळपास टेबलावरच होते. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये एसएमएन-१ या जनुकाचा एक ठरावीक तुकडा दोन्ही प्रतींमध्ये गायब असतो आणि तो रक्ताच्या चाचणीत सापडतो. वर्तमानपत्रांत सोळा कोटींचे इंजेक्शन म्हणून गाजलेली जनुकोपचाराची एकदाच द्यायची मात्रा अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. त्याआधी २०१६ मध्ये पाठीच्या कण्यातून द्यायचे आणि नंतर २०२० मध्ये तोंडाने घ्यायचे औषध आले. ही औषधे मेलेल्या चेतापेशी परत आणत नाहीत, उरलेल्या वाचवतात. त्यामुळे पाय हलत नसलेल्या, ठोक्याला प्रतिसाद न देणाऱ्या बाळाला आधी तीन महिने व्यायाम करून बघू, असे सांगणे माझ्या मते अक्षम्य आहे. व्यायाम चालू ठेवावा, पण चाचणी त्याच आठवड्यात पाठवावी.

कधीकधी निदान बाळाच्या अंगावर नसतेच. ढिल्या नवजात बाळाचे वरचे ओठ तंबूसारखे मध्ये उचललेले असतील आणि चेहरा भावहीन असेल, तर अनुभवी डॉक्टर आईशी हस्तांदोलन करतात. तिला हाताची पकड पटकन सोडता येत नसेल, बोटे सावकाश उलगडत असतील, तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफी हा आईकडून आलेला आजार संशयात येतो. आईला स्वतःला आपल्याला काही आजार आहे याची कल्पनाही नसते.

राहिलेले अंग तपासताना डॉक्टर उगाच भलतीकडे बघत आहेत असे वाटू शकते. मुलाचे अंडकोश उतरलेले नसतील, जन्मापासून दूध ओढता येत नसेल आणि नळीने पाजावे लागले असेल, तर प्रेडर-विली सिंड्रोम हा जनुकीय आजार. हृदय मोठे आणि जीभ जाड असेल, तर पॉम्पे हा चयापचयाचा आजार. जीभ मोठी, बेंबी फुगलेली, आवाज घोगरा, कावीळ लांबलेली आणि बद्धकोष्ठ असेल, तर जन्मजात थायरॉइडची कमतरता, जिच्यावर रोजची स्वस्त गोळी जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बुद्धी वाचते. जन्मानंतर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासलेला नसेल, तर ढिल्या बाळात तो पहिल्याच दिवशी तपासावा. मनगटे रुंद, पोट पुढे आलेले, दात उशिरा, टाळू मोठी असेल, तर मुडदूस आणि ड जीवनसत्त्व.

यांतल्या एका कारणावर जरा थांबायला हवे, कारण ते आपल्याकडे वारंवार दिसते आणि पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात. सहा ते अठरा महिन्यांचे बाळ, केवळ अंगावरच्या दुधावर वाढलेले, वरचे अन्न नीट सुरू न झालेले. अंगाने गुटगुटीत, म्हणून घरच्यांना काळजी नाही. पण रंग फिकट, केस विरळ व तांबूस, बोटांच्या पेरांवर काळपट डाग, आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बाळ सुस्त झाले आहे: हसत नाही, बसत नाही, हाक मारली तर वळत नाही. काहींना हाताची व डोक्याची थरथर सुटते. आई शाकाहारी असते आणि दूध-दही तिच्या वाट्याला बहुधा चहापुरतेच येते. बी-१२ वनस्पतीज अन्नात नसते. आईत नाही म्हणून दुधात नाही आणि म्हणून बाळात नाही. इंजेक्शने सुरू केली की काही दिवसांत बाळ पुन्हा नजर देऊ लागते. थरथर जायला आठवडे लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर विकासातली तूट पूर्ण भरून येईलच असे नाही. आईलाही सोबत औषध द्यावे लागते. अशा बाळाला बी-१२ पाहण्याआधी मेंदूच्या एमआरआयला पाठवणे म्हणजे खर्च आधी आणि विचार नंतर.

अचानक ढिले पडलेल्या मुलाची गोष्ट स्वतंत्र आहे. काल नीट असलेले तान्हे आज दूध पीत नाही आणि हातपाय टाकते, तर जंतुसंसर्ग किंवा साखर उतरणे गृहीत धरून तासाभरात रुग्णालय गाठावे. बद्धकोष्ठ होऊन पापण्या जड झाल्या, चोखणे मंदावले आणि अशक्तपणा वरून खाली पसरत गेला, तर बोटुलिझम आठवावा. त्याचे बीजाणू मधात असू शकतात, म्हणूनच बाळगुटीत किंवा जन्मल्यावर मध चाटवण्याची रीत एक वर्षापर्यंत टाळायला सांगतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय एकाएकी लुळे पडले, तर डॉक्टरांनी सरकारी यंत्रणेला कळवणे आणि शौचाचे दोन नमुने पाठवणे बंधनकारक आहे. भारतातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला होता, पण ही पाळत थांबलेली नाही.

चाचण्या या सगळ्यानंतर येतात आणि त्यांचा क्रम तपासणीने ठरतो. साखर, कॅल्शियम, टीएसएच, रक्तगणना, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व या साध्या. चेहरेपट्टी डाऊनची वाटली तर गुणसूत्रांची, प्रेडर-विलीची शंका असेल तर त्या जनुकभागाची खास चाचणी. ताकद कमी असेल तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर), एसएमएची जनुकचाचणी आणि गरजेप्रमाणे नस-स्नायूंचा आलेख. मेंदूची चिन्हे असतील तर एमआरआय. एवढ्यानेही उत्तर मिळाले नाही, तर व्यापक जनुकतपासणी. एक सूचना विशेष करून थोड्या मोठ्या मुलग्यांसाठी: एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची समजली जाणारी विकरे वाढलेली पाहून महिनोन्महिने यकृताची औषधे चालतात आणि नंतर कळते की ही विकरे स्नायूंतून आली होती. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना हात स्वतःच्या मांड्यांवर टेकवत टेकवत वर चढत असेल, पोटऱ्या फुगीर असतील आणि जिना चढताना मागे राहत असेल, तर सीपीकेची एकच साधी चाचणी ड्युशेन स्नायुरोगाकडे लक्ष वेधते.

मोठ्या मुलांत तक्रारींचे रूप बदलते. मूल पाय मागे दुमडून डब्ल्यूच्या आकारात बसते, लवकर दमते, तळवे सपाट असतात, लिहिताना हात दुखतो. येथे सांध्यांचा सैलपणा मोजतात: करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा आणि कमरेतून वाकून तळवे जमिनीला टेकणे, असे नऊ गुण. ताकद चांगली, ठोक्याला प्रतिसाद चांगला, विकास वेळेच्या आसपास आणि फक्त सांधे सैल, असे असेल तर बहुतेक मुलांना खेळ, व्यायाम आणि चांगले बूट पुरतात. सौम्य जन्मजात ढिलेपणा असेही निदान दिले जाते, पण बाकी सारे तपासून झाल्यावर आणि मूल पुढे जात आहे हे काही महिने पाहिल्यावरच ते द्यावे.

दवाखान्यात जाताना पालकांनी जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड आणि घरी बाळ खेळताना काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ न्यावा, कारण परक्या खोलीत बाळ रडून रडून काहीच दाखवत नाही. दवाखाना लांब असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापर्यंत पोहोचता येते. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्टकडे पाठवले जाते. बसवून ठेवायचे चाकांचे वॉकर ढिल्या मुलासाठी घेऊ नयेत. त्यात ते चवड्यांवर लोंबते आणि कमरेचे स्नायू कामालाच लागत नाहीत.

निदानाचे नाव हातात येण्याला आणखी एक व्यावहारिक अर्थ आहे, जो पहिल्या भेटीत कोणी सहसा बोलत नाही. एसएमएसारखा आजार आई-वडील दोघेही वाहक असताना होतो आणि त्यांच्या प्रत्येक पुढच्या गरोदरपणात तो होण्याची शक्यता चारात एक असते. पहिल्या बाळातील जनुकदोष नेमका माहीत असेल, तर पुढच्या वेळी ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना घेऊन तो आहे की नाही हे पाहता येते. म्हणून आजारी बाळ हाती असतानाच, ते कितीही लहान किंवा अत्यवस्थ असले तरी, जनुकतपासणीसाठी त्याच्या रक्ताचा नमुना घेऊन ठेवण्याचा आग्रह पालकांनी धरावा.